गयातली माय, कडेवरची माय

परवा रविवारी टोकियोहून नणंदेच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. निशि-कसाई नावाच्या भागात राहतात ते. आपल्याकडची पुष्कळ मंडळी आहेत म्हणे तिथे. तिची लेक तिथल्याच जपानी शाळेत दुसरीला जाते. आईच्या हातातून फोन ओढून घेत ती म्हणाली, ''आजी, एक पान आहे, पण ते खाता येत नाही. कोणतं पान?''

मी म्हटलं, ''हात्तिच्या! वहीचं पान!''

पोरगी खो खो हसत सुटली. ''अगं नाही, फ्रायपान!''

मग उलगडा झाला. जपानीत पावाला 'पान' म्हणतात. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकात आपल्या गोव्यातही आले आणि पुढे जपानातही पोचले. त्यांच्या एकाच शब्दाचा आपल्याकडे 'पाव' झाला अन् तिकडे 'पान'. म्हणजे ती तिच्या भाषेत बरोबर आणि मी माझ्या! वर आमच्याकडे विड्याचं पान खाता येतं, वाढलेल्या पानावर बसता येतं, ते निराळंच.

असल्या कोड्यांना तिथे 'नाझोनाझो' म्हणतात. मूळ अर्थ 'काय बरं, काय बरं?' प्राथमिक शाळेतल्या मुलांना त्यांचं भारी वेड. दुसरं कोडं तिने घातलं: दहा मुंग्या जमल्या तर काय म्हणतील? उत्तर, 'आरिगातो', म्हणजे धन्यवाद. कारण 'आरी' म्हणजे मुंगी आणि 'तो' म्हणजे दहा. त्या भाषेत सारख्या उच्चाराचे शब्द ढिगाने. 'हाशी' म्हणजे पूल आणि 'हाशी' म्हणजे कडासुद्धा. त्यांच्याकडे इक्क्यू नावाच्या चतुर बालभिक्षूच्या गोष्टी सांगतात, आपल्या बिरबलासारख्या. 'या हाशीवरून जाऊ नये' अशी पाटी पुलावर लावलेली, तर हा पठ्ठ्या ऐटीत मधोमध चालत गेला. म्हणाला, मी कडेने कुठे गेलो?

फोन ठेवला आणि मला माझी आजी आठवली.

आता उखाणा म्हटलं की हळदीकुंकू आणि नाव घेणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण आमच्या आजीच्या तोंडी उखाणा म्हणजे कोडं. अकोल्याहून अमरावतीला आत्याकडे निघालो की एसटीत तिचा खेळ सुरू व्हायचा. गावांच्या नावांवरून स्वतःच जुळवायची. ''दर्या हाये, पूर हाये, पन घोटभर गोडं पानी नाई. सांग व पोरी, कोनतं गाव?'' दर्यापूर! पूर्णेकाठचा तो सगळा खारपाणपट्टा. विहीर खणली तरी पाणी खारटच. कोड्यात हसू होतं आणि डोक्यावर हंडे घेऊन मैलभर जाणाऱ्या बायकांचं दुःखही. हे तेव्हा कळलं नाही, लग्नानंतर कळलं. ''भात हाये पन शिजत नाई, कुली हाये पन वझं उचलत नाई'' म्हणजे भातकुली. आणि तिचं लाडकं: ''बायायचं गाव, पन मानसंबी राह्यतात!'' बाळापूर. कारण आजीच्या तोंडी ते 'बायापूर' असायचं.

आमच्या वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, हे वाचकांना ठाऊक असेलच. डोया, केयं, पोयी, शाया. मला मात्र ते शाळेत गेल्यावर 'कळलं'. शहरातल्या शाळेत पहिलाच आठवडा. बाईंनी फळ्यावर चित्र काढून विचारलं, हे काय? मी मोठ्यांदा म्हटलं, ''माय!'' सगळा वर्ग हसला. बाईंनी 'माळ' हा शब्द पन्नास वेळा लिहायला लावला. लिहिला. पण त्यानंतर ते सबंध वर्ष मी वर्गात तोंड उघडलं नाही. घरी येऊन आजीवरच चिडले, ''तुला नीट बोलता येत नाही!'' ती काहीच बोलली नाही. उखाणे मात्र तिने मला पुन्हा घातले नाहीत.

शाळेची पायरी न चढलेले गाडगेबाबा याच बोलीत कीर्तन करायचे. प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. पण त्यांच्यासारखं बोलणाऱ्या पोराला वर्गात अजूनही हसतात!

गेली दोन वर्षं दर शनिवारी मी इथल्या एका शाळेत तिसरीच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. तिथे एक मुलगा आहे, दर्यापूरकडचा. आईवडील मजुरीसाठी इथे आलेले. सहा महिन्यांत त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. त्या शनिवारी पुस्तक बाजूला ठेवलं, फ्रायपानचं कोडं घातलं, इक्क्यूची गोष्ट सांगितली आणि पन्नास वेळा लिहिलेल्या 'माळे'चीसुद्धा. मग आजीचं दर्यापूर घातलं. कोपऱ्यातून हळूच उत्तर आलं. थोड्या वेळाने तोच उभा राहिला.

''एक माय गयात घालतेत, एक माय कडेवर घेते. सांगा, दोन्ही कोन?''

वर्ग क्षणभर गप्प. शहरातल्या मुलांना काही सुचेना! मलाच भरून आलं.

शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेला हे तितकंसं पटलं नाही. ''ताई, अशाने त्यांचं शुद्धलेखन बिघडेल,'' त्या म्हणाल्या. शंका रास्त आहे. परीक्षेत 'माय' लिहून गुण मिळणार नाहीत, हे मीही मुलांना स्पष्ट सांगते. पण मैत्रिणींनो, गंमत बघा. हे कोडं घालायला दोन्ही शब्द माहीत असावेच लागतात. फळ्यावर उत्तर लिही म्हटल्यावर त्याने एकाखाली एक लिहिलं: माळ, माय. 'ळ' जरा आडवा झाला होता, पण जागच्या जागी होता.

आता आमची कोड्यांची वही झाली आहे. डाव्या पानावर घरचा शब्द, उजव्या पानावर पुस्तकातला. मुलं घरून आजीला, आईला विचारून येतात. बऱ्याच आयांना सुरुवातीला वाटलं, शाळेतून आपली चौकशी होते आहे! एकीने तर ''आमाले नाई येत तसलं'' म्हणून पाठवलं, आणि पुढच्याच शनिवारी चार उखाणे धाडले.

जपानची चौकशी अजून सुरूच असते. मागच्या शनिवारी त्याने विचारलं, ''आजी, तिथले पोट्टे बी 'ळ'ले 'य' म्हंतेत का?''

म्हटलं, ''त्यांच्याकडे 'ळ'च नाही. 'र' आणि 'ल'सुद्धा वेगळे नाहीत, दोन्ही एकच.''

तो जरा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, ''मंग त्यायच्या बाईनं त्यायले किती खेपा लिवाले लावलं असन?''