कमरेवरचा वळ

त्वचेचा कॅन्सर म्हटले की तो गोऱ्या लोकांना उन्हाने होणारा रोग, असे आपण समजतो. आपल्या सावळ्या कातडीतले रंगद्रव्य उन्हापासून बरेच रक्षण करते, हे खरेच आहे. पण घर्षणापासून ते वाचवत नाही. म्हणूनच आपल्याकडचा एक त्वचेचा कॅन्सर ऊन कधी न लागलेल्या जागी होतो. ती जागा म्हणजे कंबर, जिथे नाडी किंवा गाठ वर्षानुवर्षे आवळली जाते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ साली एका शोधनिबंधात 'धोतराचा कॅन्सर' वर्णन केला. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही तो दिसला आणि 'साडी कॅन्सर' हे नाव पडले. २०२४ मध्ये वर्धा आणि मधुबनी येथील डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या ब्रिटिश नियतकालिकात आणखी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत दिली. पहिली सत्तर वर्षांची. तिच्या परकराची नाडी घट्ट असे आणि कुशीवरची जखम दीड वर्ष भरली नव्हती. दुसरी चाळीस वर्षे रोज लुगडे नेसत होती, आत परकर नसे. तिचा व्रण दोन वर्षांचा होता आणि रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता. म्हणजे दोष साडीचा नाही आणि नुसत्या नाडीचाही नाही. एकाच जागी रोज पडणाऱ्या घट्ट आवळीचा आहे.

हे घडते कसे? बारीक नाडीचा सगळा भार बोटभर पट्टीवर येतो. त्यात बडोद्याचा उन्हाळा, घाम आणि धूळ. आधी नुसता वळ उठतो. मग तिथली कातडी काळवंडते किंवा पांढरी पडते, जाड होते, कोंडा धरते, खाजते. पुढे तिला भेग पडते. भेग भरत येते तोच दुसऱ्या दिवशीची गाठ ती पुन्हा उघडते. वर्षानुवर्षे अशी मोडतोड आणि डागडुजी चालू राहिली की क्वचित एखाद्या जागी पेशींची वाढ ताब्याबाहेर जाते. जुन्या जखमेत किंवा भाजल्याच्या व्रणात उद्भवणाऱ्या अशा कॅन्सरला 'मार्जोलिन अल्सर' म्हणतात.

घाबरू नका. कमरेवर वळ असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही. मात्र पुढील खुणा दिसल्या तर थांबू नका :

चार आठवड्यांत न भरलेली, किंवा भरून पुन्हा त्याच जागी उघडणारी जखम. कडा टणक, उचललेल्या किंवा बाहेर वळलेल्या. कपडा लागताच रक्त येणे, घाण वासाचा स्राव. जुन्या वळावर चामखिळीसारखी वाढ, किंवा काढली तरी पुन्हा धरणारी खपली. जांघेत लागणारी गाठ. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, सुरुवातीला असा व्रण अनेकदा दुखत नाही.

हाच नियम इतर जागांनाही लावा : जुन्या भाजल्याच्या डागावर आलेला व्रण, चेहऱ्यावर चकचकीत पुटकुळी होऊन वारंवार रक्त येणे, तळपायावर किंवा नखाखाली पसरत जाणारा काळा डाग, आकार किंवा रंग बदलणारा तीळ.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, म्हणून हे मीच स्पष्ट सांगायला हवे. माझ्या गोळ्या असोत, वैद्यांचा लेप असो की मेडिकलमधून आणलेले मलम, अशा खुणा असताना त्यांच्यावर महिने काढू नयेत. आधी निदान हवे. ते बाहेरून बघून पक्के होत नाही. जागा बधिर करून कडेचा छोटा तुकडा तपासावा लागतो, तीच बायॉप्सी. आपल्या सयाजीराव रुग्णालयाच्या त्वचा विभागात दाखवता येईल. 'चाकू लागला की कॅन्सर पसरतो' ही भीती निराधार आहे, पसरतो तो वाट पाहण्याने. वेळेवर सापडला तर भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह तो कापून काढता येतो, आणि बहुधा तेवढ्यावर भागते. गाठीत उतरल्यावर मात्र शस्त्रक्रिया मोठी होते.

प्रतिबंध तर अगदी स्वस्त आहे. बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी लावा. बसल्यावर दोन बोटे सहज आत जातील इतकीच गाठ आवळा. तिची जागा वरखाली बदला. घरात सैल कपडे घाला. अंघोळीनंतर कंबर कोरडी करा. हे परकराला लागू आहे, तसेच शेजारणीच्या चणियाला, सलवारीला आणि आजोबांच्या धोतराला.

खरी अडचण लाजेची आहे. हात-पाय कुणालाही दाखवता येतात, कंबर दाखवायला आपल्या आया-सासवा संकोचतात. जखमेवर हळद दाबून त्यावरच गाठ मारतात. तेव्हा विचारण्याचे काम घरच्यांनी करावे. लेकीने, सुनेने आज रात्रीच विचारावे, 'आई, नाडीखाली काही झालंय का? बघू द्या.' आणि काही दिसले, तर किती दिवसांपासून आहे तेही विचारावे. उत्तर महिन्यापेक्षा जास्त आले, तर उद्या सकाळी त्यांना घेऊन दवाखान्यात जावे.