महिला शेतकरी आणि कृषिविस्तार (ठाणे जिल्हा)

शेतीविषयक संशोधनाचे निष्कर्ष प्रत्यक्ष शेतकाम करणाऱ्या स्त्रियांपर्यंत प्रशिक्षण, प्रात्यक्षिके व शेतीशाळा यांच्या द्वारा पोहोचविण्याचे कार्य. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, शहापूर, भिवंडी व कल्याण या तालुक्यांत भात हे खरिपाचे मुख्य पीक असून रोपे उपटणे, लावणी, बेणणी व कापणी यांत स्त्रियांचा वाटा मोठा असतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील कारखान्यांत व कार्यालयांत पुरुष नोकरीस जाऊ लागल्यावर अनेक घरांत शेतीची देखरेखही स्त्रियांकडे आली. तथापि सातबारा उताऱ्यावर बहुधा पुरुषाचे नाव असल्याने प्रशिक्षणाचे निमंत्रण त्यालाच मिळत आले. त्यामुळे शिकणारा एक व काम करणारी दुसरी अशी स्थिती निर्माण होते.

कृषिशास्त्रज्ञ नारायण सावंत यांनी प्रचारात आणलेल्या चारसूत्री भातलागवडीवरून ही अडचण स्पष्ट होते. भाताच्या अवशेषांचा फेरवापर व गिरिपुष्पाचा हिरवा पाला ही तिची पहिली दोन सूत्रे होत. तिसऱ्या सूत्रानुसार दोरीच्या साहाय्याने आलटून पालटून १५ व २५ सेंमी. अंतरावर, प्रत्येक चुडात दोन-तीन रोपे लावतात. चौथ्यानुसार चार चुडांच्या चौकोनात युरिया-डीएपीची २.७ ग्रॅ. वजनाची एक गोळी ७ ते १० सेंमी. खोल खोचतात. खत खोल राहिल्याने पाण्याबरोबर वाहून जात नाही. लावणी करणाऱ्या स्त्रियांना अंतर व खोली यांचे कारण समजले, तरच ही सूत्रे खाचरात उतरतात.

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ (१९७२) व कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र (१९७६) ही या प्रदेशातील प्रशिक्षणाची प्रमुख केंद्रे होत. कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या (आत्मा) मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ३० टक्के साधनसंपत्ती महिला शेतकरी व महिला विस्तार कर्मचारी यांच्यासाठी राखावी लागते.

प्रशिक्षणाने कौशल्य येते; पीककर्ज व अनुदान यांसाठी मात्र सामान्यतः जमिनीच्या नोंदी पाहिल्या जातात. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत मुलांइतकाच हक्क मिळाला. परंतु केंद्र शासनाच्या अधिसूचनेशिवाय हा अधिनियम अनुसूचित जमातींना लागू होत नाही; शहापूर व मुरबाड येथील आदिवासी स्त्रियांच्या दृष्टीने ही मर्यादा महत्त्वाची आहे. त्यामुळे प्रशिक्षणार्थींची निवड जमिनीच्या नावावरून न करता कामावरून करणे, हे या भागातील महिला कृषिविस्ताराचे पहिले पाऊल ठरते.