रंग खाली बसू नये म्हणून

रंगद्रव्यं बनवण्यात महाराष्ट्र मागे नाही. १९५१ मध्ये पुण्यात सुरू झालेली सुदर्शन केमिकल रोहा आणि महाडच्या कारखान्यांत ती बनवते. मार्च २०२५ मध्ये तिने जर्मनीच्या ह्यूबाख समूहाचा रंगद्रव्यांचा व्यवसायही विकत घेतला. या सौद्याचं कौतुक झालं, ते रास्तच. पण रंगद्रव्याची पूड म्हणजे रंग नव्हे. पूड थिनरमध्ये टाकून कितीही घोटली, तरी तिला सांभाळणारं कुणी नसेल तर थोड्याच वेळात तिच्या गुठळ्या होतात आणि डब्याच्या तळाशी गाळ बसतो. तो बसू न देणारा पदार्थ म्हणजे डिस्पर्संट. डब्यावर त्याचं नाव नसतं, जाहिरातीत तर नसतंच, आणि खर्च कमी करायची वेळ आली की बऱ्याचदा पहिली कात्री त्याच्यावर चालते. ही काटकसर महागात पडते, हेच इथे सांगायचं आहे.

थॅलोसायनिन या निळ्या रंगद्रव्याचा एक कण साधारण ५० ते १०० नॅनोमीटरचा असतो. असे दहा-वीस हजार कण ओळीत ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. इतके बारीक कण जवळ आले की एकमेकांकडे ओढले जातात आणि चिकटतात. पाण्यातल्या रंगात कणांवर सारखाच विद्युतभार ठेवून त्यांना लांब ठेवता येतं, कारण पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास आहे. ऑईलपेंटमधलं टर्पेंटाइन किंवा औद्योगिक रंगांतलं झायलीन घ्या, तोच आकडा दोन-अडीचवर येतो. तिथे विद्युतभाराच्या जोरावर फारसं काही साधत नाही. म्हणून कणाभोवती पॉलिमरचं आवरणच चढवावं लागतं.

या पॉलिमरचा एक भाग कणाला घट्ट धरून बसतो आणि दुसरा लांब शेपटीसारखा द्रावकात मोकळा पसरतो. असे दोन कण समोरासमोर आले की त्यांच्या शेपट्या एकमेकींत दाटतात. दाटलेल्या जागेत द्रावक शिरतं आणि कणांना पुन्हा लांब लोटतं. आवरणाची जाडी दहा नॅनोमीटरच्या आसपास असली तरी पुरते. बीड मिलमध्ये झिरकोनियाचे मणी कणांच्या गुठळ्या फोडतात खरे, पण फुटलेले कण फुटलेलेच ठेवण्याचं काम या शेपट्यांचं असतं. ते झालं नाही तर मिलवर जाळलेली वीज वाया जाते.

इंग्लंडमधल्या स्लाव इथे आयसीआय या रसायन कंपनीच्या रंग विभागात १९६० च्या दशकात हे तत्त्व पद्धतशीरपणे वापरलं गेलं. त्यांनी वापरलेली एक महत्त्वाची शेपटी एरंडेलापासून बनते. एरंडेलात हायड्रोजन मिसळून बारा-हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्ल मिळवायचं आणि त्याचे रेणू टोकाला टोक जोडत न्यायचे. तयार होणारी साखळी टर्पेंटाइनसारख्या द्रावकात उत्तम विरघळते. जगातलं बहुतांश एरंडेल भारतात, त्यातही मुख्यतः गुजरातेत निघतं. म्हणजे मूळ माल आपला. पुढे सोल्स्पर्स, डिस्परबिक ही डिस्पर्संटची परदेशी नावं आपल्याकडच्या रंगकारखान्यांतही रुळली.

आता काटकसरीचा हिशेब. रंगाच्या धंद्यात डिस्पर्संट वजनावर मोजण्याची सवय आहे, आणि घोळ तिथेच होतो. मोजायला हवा तो कणांचा पृष्ठभाग. ढोबळ नियम असा की दर चौरस मीटरला दोन मिलिग्रॅम डिस्पर्संट लागतो. एक ग्रॅम थॅलो निळ्याचा पृष्ठभाग सुमारे ६० चौरस मीटर, म्हणजे दोन खोल्यांच्या फ्लॅटएवढा. त्याला १२० मिलिग्रॅम हवा, वजनाच्या बारा टक्के. पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग ग्रॅमला दहा-पंधरा चौरस मीटर, त्याचं दोन-तीन टक्क्यांत भागतं. पांढऱ्याचा आकडा निळ्याला लावला की निळा बसणारच. उलट गरजेपेक्षा जास्त घातला तर उरलेला मोकळा फिरतो आणि वाळलेला थर मऊ पडतो. म्हणून प्रमाण थोडं थोडं वाढवत जायचं आणि मिश्रण सगळ्यात पातळ कुठे होतं ते पाहायचं.

निळ्याची आणखी एक अडचण आहे. त्याचा पृष्ठभाग इतका निर्विकार की अमाइन गटाच्या पॉलिमरला तिथे धरायला काही सापडत नाही. उपाय सुंदर आहे. थॅलोसायनिनच्याच रेणूला सल्फोनिक आम्लाचा गट जोडतात. हा भाऊबंद रेणू कणावर सपाट चिकटतो, आणि मग अमाइन त्याच्या आम्लाला धरतं. याला सिनर्जिस्ट म्हणतात.

द्रावक चुकलं तरी सगळी मेहनत पाण्यात जाते. भलताच स्वस्त थिनर ओतला की शेपट्या आक्रसतात, कण चिकटतात आणि रंग फाटतो. कारागीर म्हणतो कंपनी खराब, कंपनी म्हणते थिनर खराब. त्या वेळी कंपनीचंच खरं असतं.

पाण्यातल्या रंगापुरतं हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे. काजळी आणि बाभळीचा डिंक तासन्‌तास खलून केलेल्या शाईत बोरू बुडवून मोडी कागद लिहिले गेले. डिंक हाही पॉलिमरच, काजळीचे कण तोच धरून ठेवी.

मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९३३ च्या जुन्या यूडीसीटीत, रंग आणि लेपांचं तंत्रज्ञान आजही शिकवलं जातं. चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत, सेक्टर ६७ मध्ये नायपर ही औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. १९९८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. रंगांशी तिचा संबंध नाही, पण औषधशास्त्रालाही हाच प्रश्न सोडवावा लागतो. दम्याच्या काही इनहेलरमध्ये औषधाचे कण पाण्याविना, द्रवरूप वायूत तरंगत ठेवायचे असतात, आणि तिथेही पॉलिव्हिनाइल पायरॉलिडोनसारखं पॉलिमरच कामाला येतं. माटुंग्याच्या आणि मोहालीच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या प्रयोगशाळा पाहिल्या, तर दोघांचाही फायदा आहे.

रंग विकत घेणाऱ्यांनी मात्र एवढं करावं. मिश्र छटेचा ऑईलपेंट, उदाहरणार्थ फिकट निळा, फळीच्या तुकड्यावर लावा. तो अर्धवट वाळला की एका जागी बोटाने घासा. घासलेल्या जागेची छटा आजूबाजूच्या रंगापेक्षा वेगळी दिसली, तर आतले कण एकत्र गोळा झालेले आहेत. तो डबा भिंतीला लावू नका, दुकानदाराला परत करा.