दोरांनी बांधलेला जुलै

जुलैची 10 तारीख उजाडली की क्योटोच्या शिजो रस्त्यावर, बँकांच्या आणि मोठमोठ्या दुकानांच्या दारातच, जुन्या तुळया येऊन पडतात. वर्षभर वखारीत ठेवलेले खांब, आडवी लाकडे, प्रचंड चाके आणि भाताच्या पेंढ्यापासून वळलेल्या दोराची भेंडोळी. कामाची विभागणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे: सांगाडा बांधणारे वेगळे, सुतारकाम करणारे वेगळे, चाके बसवणारे वेगळे. सांगाड्याच्या सांध्यांवर दोराचे शेकडो वेढे पडतात, ते लाकडी मोगरीने ठोकून घट्ट केले जातात आणि एकही खिळा न मारता रथ उभा राहतो. सर्वांत मोठे रथ सुमारे 12 टनांचे असतात आणि त्यांच्या डोलकाठीचे टोक जमिनीपासून 25 मीटरवर जाते. खिळा नसण्यामागे शहाणपण आहे. रथ हलतो, डुलतो, वळताना पिळला जातो. दोर तो ताण पोटात घेतो, खिळ्याने मात्र लाकूड फाटले असते.

हा गिओन उत्सव. यासाका या शिंतो देवस्थानाचा आणि तितकाच क्योटोच्या जुन्या व्यापारी पेठांचा. तो महिनाभर चालतो, पण बहुतेक पर्यटक 17 तारखेची मिरवणूक तेवढी पाहून परततात. क्योटोत ऋतू कसा साजरा होतो हे समजून घ्यायचे असेल, तर त्याआधीचा आठवडा अधिक मोलाचा आहे.

उत्सवाचा जन्म रोगराईत झाला. क्योटो 794 पासून हजारावर वर्षे जपानची राजधानी होते. भर वस्ती, तिन्ही बाजूंना डोंगर, पावसाळ्यात तुंबणारे पाणी. साथी वारंवार येत. 869 मध्ये अशाच एका साथीच्या वेळी, कोपलेल्या आत्म्यांना शांत करण्यासाठी, देशातील प्रांतांच्या संख्येइतके 66 भाले उभारून पूजा झाली. सुमारे शंभर वर्षांत ती दरसाल होऊ लागली. पुढे भाल्यांचे रथ झाले आणि रथांचा खर्च रेशमाच्या, धान्याच्या, मद्याच्या व्यापाऱ्यांनी उचलला. 1467 ते 1477 च्या ओनिन युद्धात शहराची राख झाली आणि उत्सव थांबला. 1500 मध्ये पेठांनी तो पुन्हा सुरू केला. 1533 मध्ये राज्यकर्त्यांनी देवस्थानाचे विधी रोखले, तेव्हा विधी झाले नाहीत तरी चालेल, पण आमच्या रथांची मिरवणूक निघू द्या, अशी मागणी नागरिकांनी केली. या उत्सवाचा कणा त्या मागणीत दिसतो.

आजही प्रत्येक रथ एकेका पेठेच्या मालकीचा असतो. उंच डोलकाठीच्या मोठ्या रथांना ‘होको’ म्हणतात, लहान रथांना ‘यामा’. 17 जुलैला 23 आणि 24 जुलैला 11 रथ निघतात. त्यांचा क्रम 2 जुलैला नगरपालिकेत चिठ्ठ्या टाकून ठरतो. काही रथ चिठ्ठीतून मुक्त असतात. त्यांतला नागिनाता होको 17 तारखेला नेहमी सर्वांत पुढे. सजीव बालक आता फक्त याच रथावर बसते. पूर्वी इतर होकोंवरही मुले असत, तिथे आता बाहुल्या आहेत. निवडलेल्या या मुलाला 13 तारखेच्या विधीत मानाचे पद मिळते. त्यानंतर समारंभात त्याचे पाय जमिनीला लागू दिले जात नाहीत, खांद्यावर घेऊनच त्याला नेतात. मिरवणुकीच्या सकाळी रस्त्यावर आडवा बांधलेला पवित्र दोर तो तलवारीने कापतो आणि रथ पुढे सरकतात.

या रथांच्या अंगावरची वस्त्रे पाहण्यासाठी वेगळा वेळ काढावा. निशिजिनच्या विणकरांचे रेशीम तर आहेच, पण त्याच्या शेजारी चिनी भरतकाम, इराणी गालिचे आणि युरोपात विणलेली चित्रवस्त्रेही झळकतात. कान्को होकोच्या दर्शनी भागासाठी सोळाव्या शतकातले बेल्जियमकडचे विणकाम आणले गेले. त्यावर बायबलमधील रिबेका पाणी पाजताना दिसते. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी असतानाही हे वस्त्र भर रस्त्यातून मिरवत होते. आता मूळ वस्त्र जपून ठेवले आहे आणि मिरवणुकीत त्याची प्रतिकृती असते. मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटतील ते भारतीय गालिचे. रथांवरच्या जुन्या गालिच्यांचा अभ्यासकांनी बारकाईने शोध घेतला, तेव्हा त्यांपैकी अनेक दख्खनमध्ये विणले गेल्याचे दिसून आले. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून नागासाकीला उतरून ते क्योटोच्या पेठांपर्यंत पोहोचले. दख्खनच्या हातमागांची ती कला इतक्या दूर, पेठेतल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, ही मोठी कृतज्ञतेची गोष्ट आहे.

14 ते 16 जुलैच्या संध्याकाळी रथांवर कंदिलांच्या माळा पेटतात. वर बसलेले वादक घंटा, बासरी आणि ढोल वाजवतात. त्या नादाला क्योटोचे लोक ‘कोन्चिकिचिन’ म्हणतात. काही जुनी घराणी रस्त्याकडच्या खोल्या उघडून आपले चित्रित पडदे ये-जा करणाऱ्यांना पाहू देतात. रथांपाशी ‘चिमाकी’ विकत मिळते. बांबूवर्गातल्या झाडाच्या पानांची ही जुडी खाण्यासाठी नसते. रोगराई घरात शिरू नये म्हणून ती वर्षभर दारावर टांगतात.

मिरवणुकीत सर्वांत अवघड काम चौकातले. रथाच्या चाकांना सुकाणू नाही. त्यामुळे चाकांखाली चिरलेले बांबू अंथरतात, त्यांवर पाणी ओततात आणि पुढे उभे असलेले म्होरके पंखे नाचवून इशारा देताच माणसे बाजूने दोर ओढतात. रथ करकरत थोडासा घसरतो. असे दोन-तीनदा केले की तो काटकोनात वळतो आणि चौकातून आरोळी उठते.

मिरवणूक संपताच होको उतरवायला घेतात. रस्त्यावरची रोगराई रथाने स्वतःकडे ओढून घेतली, म्हणून तो लगेच सोडवायचा, अशी श्रद्धा आहे. कारण खरा देव अजून यायचा असतो: त्याच संध्याकाळी देवस्थानातून तीन पालख्या निघतात, शिजोवरच्या मुक्कामाच्या जागी आठवडाभर राहतात आणि 24 तारखेला परततात. रथ देवाचा रस्ता झाडून ठेवतात. या पालख्यांच्या रात्री पर्यटक कमी असतात, पण उत्सवाचा गाभा तिथेच आहे.

क्योटोत सण आणि ऋतू ताटातूनही कळतात. 30 जूनला, म्हणजे वर्षाच्या मध्यावर, लोक देवस्थानातल्या गवताच्या मोठ्या कड्यातून चालत जाऊन सहा महिन्यांचे मालिन्य झटकतात आणि ‘मिनाझुकी’ खातात. ही पांढरी त्रिकोणी मिठाई, वर लाल बीन्स. तिचा आकार बर्फाच्या तुकड्याचा. पूर्वी उन्हाळ्यात साठवलेला बर्फ दरबारापुरताच मिळे, सामान्यांनी त्याची हौस मिठाईवर भागवली. जुलैत ‘हामो’ हा वामसारखा लांब मासा येतो. समुद्रापासून दूर असलेल्या या शहरात उन्हाळ्यातही जिवंत पोहोचणारा तो चिवट मासा होता. त्याचे बारीक काटे काढता येत नाहीत, म्हणून कसलेला आचारी कातडी न कापता, तीन सेंटिमीटरमध्ये चोवीसच्या आसपास काप घेऊन ते तोडतो. जुन्या लाकडी घरांत कागदी दारे काढून बोरूच्या जाळीची दारे लावली जातात आणि कामो नदीकाठी हवेशीर मचाणांवर पंगती बसतात.

ऑगस्टच्या 16 तारखेला, पितरांना निरोप देताना, रात्री आठ वाजता पूर्वेच्या डोंगरावर ‘मोठा’ या अर्थाचे अक्षर आगीने उमटते आणि पाठोपाठ आणखी चार डोंगर पेटतात. त्या अक्षराची सर्वांत लांब रेघ 160 मीटरची आहे. दिवंगतांची नावे लिहिलेली लाकडे त्या आगीत जळतात. सरपण जमवणे, वाहून नेणे, पेटवणे हे सारे डोंगराच्या पायथ्याची कुटुंबेच करतात.

यातले काहीच आपोआप टिकलेले नाही. 1864 च्या लढाईतल्या आगीत अनेक रथ जळाले. त्यांतला ओफुने होको तब्बल दीडशे वर्षांनी, 2014 मध्ये, पुन्हा मिरवणुकीत आला. 1826 च्या वादळात मोडलेला ताकायामा 2022 मध्ये 196 वर्षांनी परतला. करोनामुळे 2020 आणि 2021 मध्ये मिरवणूक रद्द झाली, तरी 2021 मध्ये काही पेठांनी रथ बांधले. हातांना दोराची सवय राहिली नाही तर कसब जाते, हे त्यांना ठाऊक होते. पेठांत रहिवासी घटले आहेत, म्हणून दोर ओढायला विद्यार्थी आणि स्वयंसेवक येतात. नागिनाता होकोवर मात्र स्त्रियांना अजूनही चढू देत नाहीत. इतके काही नव्याने स्वीकारलेल्या उत्सवाने ही अट सोडायला हवी.

ऋतूही जागचा हलतो आहे. क्योटोतल्या चेरीच्या बहराच्या तारखा दरबारी रोजनिश्यांवरून नवव्या शतकापर्यंत मागे नेता येतात. 2021 मध्ये पूर्ण बहर 26 मार्चला आला आणि 1409 चा विक्रम मोडला.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी 12 किंवा 13 जुलैला तिथे असावे. त्या दिवशी नव्याने बांधलेले होको चाचणीसाठी थोडे अंतर ओढले जातात आणि अनेक ठिकाणी पाहुण्यांनाही दोर धरू देतात. गर्दी नको असेल तर 24 ची मिरवणूक निवडावी. रथ कमी, पण चौकात उभे राहायला जागा मिळते.