ओवी वहीत मावत नाही

मैत्रिणींनो, तुमच्या घरचं जातं आज कुठे आहे हो? आमचं परसात पडून आहे. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं दळण सुटलं. बायकांच्या हातांना विसावा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण दळणाबरोबर ओवीही घरातून गेली, हे आपल्या ध्यानातच आलं नाही.

माझ्या आजेसासूबाईंना पुष्कळ ओव्या येत. नवी नवरी असताना मी हौसेनं चाळीसेक वहीत उतरवल्या. बी. ए. झाल्याचं सार्थक झालं असं वाटलं! पुढे त्या गेल्या. परवा लेकीनं वही काढली नि विचारलं, "आई, हे म्हणायचं कसं?" मला एकही चाल आठवेना. शब्द होते, गळा नव्हता.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या पुण्याच्या अभ्यासकांनी हे वेळीच ओळखलं. १९८०च्या दशकापासून त्यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडीच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. नव्वदीच्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्यानं कित्येक ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. माहेरची ओढ, भावाची माया, सासरचा जाच... जे कुणापाशी बोलता येत नव्हतं, ते बायकांनी जात्याला सांगितलं.

आपल्याला एवढं मोठं काम नको. घरातल्या एका म्हातारीपुरतं जमेल ना? मोबाईल तर हाताशीच असतो. आधी त्यांची परवानगी घ्या. दुपारची निवांत वेळ धरा. पंखा, टीव्ही बंद. कुकरही नंतर लावा. जातं असेल तर मूठभर धान्य घालून फिरवू द्या. हात फिरला की ओवी आपोआप ओठांवर येते. सुरुवातीला त्यांचं नाव, माहेर, सासर आणि तारीख बोलून घ्या. मध्येच चुका काढू नका. अडलेल्या शब्दाचा अर्थ मागाहून विचारा, तोही मुद्रित करा. आणि एक प्रत दुसरीकडे ठेवा. फोन बिघडायला वेळ लागत नाही!

लोणच्याची कृती आपण सासूबाईंकडून वेळेवर विचारून घेतो. ओवीचं मात्र "बघू दिवाळीत" म्हणून राहतं. माझं राहिलं. तुमचं राहू देऊ नका.