विल्डबीस्ट परत का येतात? सेरेंगेटीच्या स्थलांतराविषयी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांची चिठ्ठी आली होती. "सर, तुम्ही केनियाला जाऊन आलात. ते प्रसिद्ध स्थलांतर पाहिलंत का?" खरं सांगायचं तर नाही. म्हणजे नदीवर नाही.

ऑगस्ट महिना होता. मारा नदीच्या काठावर आम्ही साडेचार तास उभ्या गाडीत बसून होतो. आजूबाजूला तीसेक गाड्या. शेजारच्या गाडीत मराठीतून चिवड्याच्या डब्याची चौकशी चालली होती, म्हणजे आपली मंडळी तिथेही होतीच. समोरच्या काठावर काही हजार विल्डबीस्ट जमलेले. पुढे यायचे, पाण्याचा वास घ्यायचे, थबकायचे. शेवटी दोन झेब्रे पाण्यात उतरले, प्यायले आणि मागे वळले. त्यांच्यामागोमाग अख्खा कळप वळला आणि टेकडीपलीकडे दिसेनासा झाला. आमच्यातल्या एका गृहस्थांनी लगेच हिशेब मांडला की साडेचार तासांचे किती पैसे वाया गेले. (हशा)

माझा विषय तत्त्वज्ञान, त्यामुळे मी दुसराच हिशेब करत बसलो. हे प्राणी उत्तरेला जातात ते पाण्यासाठी, हे कोणीही सांगेल. पण उत्तरेला पाणी आहे तर मग ते परत का येतात? तिथेच का राहत नाहीत? पुढचं वर्षभर मी याच प्रश्नावर वाचत राहिलो.

आधी भूगोल बघू. टांझानियाचं सेरेंगेटी आणि केनियाचं मसाई मारा हा एकच सलग प्रदेश आहे, मधली सरहद्द माणसांनी आखलेली. तिथे सुमारे १३ लाख विल्डबीस्ट, सोबत दोनेक लाख झेब्रे आणि काही लाख थॉमसन गॅझेल फिरत असतात. पाऊस मात्र सगळीकडे सारखा नाही. आग्नेयेची मैदानं गोरोंगोरोच्या डोंगरांच्या पर्जन्यछायेत येतात, तिथे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास. उत्तरेकडे, मारा नदीच्या बाजूला, त्याच्या दुप्पट. आपल्याकडे महाबळेश्वर ओलांडून वाईच्या पुढे आलं की काय होतं ते आठवा.

आता खरी गंमत बघा. त्या कोरड्या दक्षिणेची माती ज्वालामुखीच्या राखेची आहे. खाली कठीण थर असल्यामुळे मोठी झाडं रुजत नाहीत, गवत आखूड राहतं. पण त्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असतं. दूध पाजणाऱ्या मादीला नेमकं तेच हवं. उत्तरेचं उंच गवत पोट भरतं, पण कसाला कमी. शिवाय आखूड गवतात सिंह लपू शकत नाही. म्हणून पाऊस पडला रे पडला की कळप दक्षिणेला येतात आणि फेब्रुवारीच्या आसपास माद्या तिथे वितात. बहुतेक पिल्लं, शंभरातली ऐंशी म्हणा ना, अवघ्या तीन आठवड्यांत जन्मतात. तरस आणि सिंह खाऊन खाऊन किती खाणार? त्यांचं पोट भरतं, पिल्लं उरतात. मेपर्यंत मैदान वाळतं, पाणी आटतं, आणि पुन्हा उत्तरेची वाट.

म्हणजे उत्तर त्यांना उन्हाळ्यात तगवते आणि दक्षिण पुढची पिढी देते. दोन्हींपैकी एक काढून घेतलं की १३ लाख उरणार नाहीत.

हॉटेलच्या भिंतीवर या प्रवासाचा नकाशा असतो. गोल बाण, प्रत्येक बाणावर महिना. तो बघून वाटतं की कोणी म्होरक्या आहे, मुक्काम ठरलेला आहे. आपण माणसं प्रवास म्हटलं की गंतव्य शोधतो. ॲरिस्टॉटलपासूनची सवय आहे ती! प्रत्यक्षात नेता नाही आणि वेळापत्रकही नाही. जिकडे पाऊस झाला, जिकडे हिरवं आलं, तिकडे पावलं वळतात. एकच कळप आठवड्यात तीच नदी दोनदा ओलांडतो, कधी उलटाही येतो. हेतू आहे असं दिसतं. पण तो त्या प्राण्यांच्या डोक्यात शोधू नका. पाऊस, माती आणि भूक यांच्या गणितातून तो आकार घेतो.

त्याच चिठ्ठीत पुढे विचारलं होतं, इतके जीव नदीत मरतात ते बघवतं कसं? २००१ ते २०१५ या काळाचा एक अभ्यास आहे. मारा नदीत दरवर्षी सरासरी ६,२५० विल्डबीस्ट बुडतात. आकडा मोठा वाटतो, पण १३ लाखांत तो अर्धा टक्काही नाही. शिवाय ते मांस गिधाडं, मगरी, मासे खातात आणि हाडं सात-सात वर्षं नदीत फॉस्फरस सोडत राहतात. मेलेल्या प्राण्यांच्या हाडांतला मगज तपासून संशोधकांनी दाखवलंय की सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू होतात ते उपासमारीने. मगरीचा जबडा कॅमेऱ्यात येतो. भूक येत नाही.

आणखी एक गोष्ट कॅमेऱ्यात येत नाही, ती म्हणजे बुळकांड्या रोग. आपल्या जुन्या शेतकऱ्यांना हे नाव माहीत आहे, गोठेच्या गोठे रिकामे करणारा. १८८७ च्या सुमारास तो इरिट्रियात गुरांबरोबर उतरला, आणि ती गुरं हिंदुस्थानातून नेलेली होती असं बरेच अभ्यासक मानतात. काही वर्षांत पूर्व आफ्रिकेतली बहुसंख्य गुरं मेली, मसाई उपाशी पडले, रानातले विल्डबीस्टही मेले. त्यानंतर कित्येक दशकं विल्डबीस्टच्या पिल्लांना ही लागण होतच राहिली. पुढे पाळीव गुरांना लस टोचली गेली, आणि रानातूनही रोग गेला. विल्डबीस्टला कोणी सुई टोचली नव्हती! १९६१ मध्ये ते अडीच लाखांच्या आसपास होते, १९७७ मध्ये १३ लाख. गवत खाल्लं गेलं म्हणून वणवे कमी झाले, म्हणून झाडं वाढली. आपण ज्याला 'आदिम आफ्रिका' म्हणून फोटोत पकडतो, तिचा आजचा आकार मी प्राध्यापक म्हणून नोकरीला लागलो त्या सुमाराचा आहे.

जे असं वाढलं ते घटूही शकतं. केनियाच्या बाजूला, लोइटा मैदान ते मारा, असं एक वेगळं छोटं स्थलांतर होतं. सत्तरच्या दशकाअखेर त्यात सव्वा लाखाच्या घरात प्राणी होते. २०१६ पर्यंत वीसेक हजार राहिले. वाटेत शेती आली, वस्ती आली, कुंपणं आली. कुंपण घालणाऱ्या मसाई माणसाला मी दोष देणार नाही. सेरेंगेटीतून त्यांना १९५९ मध्ये हलवलं गेलं, ते कुठेतरी राहणारच. पण तारेचं कुंपण कळपाला मगरीपेक्षा महाग पडतं, हे खरं. मारा नदीचा उगम असलेल्या माऊच्या जंगलाची तोड, हा आणखी एक घोर.

तेव्हा चिठ्ठी पाठवणाऱ्यांना माझं सांगणं असं. जमलं तर फेब्रुवारीत दक्षिणेला, न्डुटूच्या बाजूला जा. नदीचा थरार नाही, पण पाच-दहा मिनिटांपूर्वी जन्मलेलं पिल्लू लटपटत उभं राहतं आणि आईमागे पळायला लागतं, ते बघा. सुट्टी ऑगस्टचीच असेल तर नदीवरही जरूर जा. फक्त चालकदादांना आधीच सांगून ठेवा की कळप जिथून वर चढणार ती जागा सोडून गाडी लांब लावा. त्या दिवशी झेब्र्यांमुळे कळप वळला असं आमच्या गाडीत एकमताने ठरलं होतं. मला मात्र वाटतं, तो आम्हा तीस गाड्यांना बघून वळला.