जुन्या मालमोटारींतील लपलेला ‘शॉर्ट’ कसा शोधावा

आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारांत आतां एखादी जुनी मालमोटार उभी असते. नवी गाडी घेण्याचें सामर्थ्य सर्वांस नसल्यामुळें दुसऱ्यानें वापरलेली गाडी घेऊन कांदा, ऊस व कडबा यांची ने-आण करण्याकडे बहुतेकांचा कल दिसतो. अशा गाडीचें इंजिन बिघडल्यास मिस्त्री मिळतो. परंतु विजेच्या तारांतील दोष जेव्हां मधूनच प्रकट होतो व मधूनच नाहींसा होतो, तेव्हां चांगले चांगले कारागीरही हात टेकतात. प्रस्तुत लेखकाचें शास्त्राचें शिक्षण बेताचेंच. सारी नोकरी महसूल खात्यांतील कारकुनींत गेली. तथापि अशा एका दोषाचा माग आम्हांस स्वतः काढावा लागला, तो प्रकार वाचकांस उपयोगी पडेल असें वाटतें.

आमच्या धाकट्या बंधूंची गाडी १२ व्होल्टची व सुमारें वीस वर्षांची आहे. तिच्या पुढील-मागील लहान दिव्यांचा १० अँपिअरचा फ्यूज आठवड्यांतून एक-दोनदां जळूं लागला. मिस्त्रीकडे नेली कीं सर्व दिवे नीट लागत. तो फ्यूज बदली व पैसे घेई. अखेर चालकानें कंटाळून फ्यूजच्या जागीं तांब्याच्या तारेचे चार-पांच पदर पिळून बसविले. दिवे अखंड लागूं लागले व घरांत सर्वांस समाधान वाटलें. पुढें एके रात्रीं कडब्याची खेप घेऊन येतांना ओढ्याच्या उतारावर चालकास पायांशीं कांहीं जळत असल्याचा वास आला. त्यानें तत्काळ गाडी थांबवून बॅटरीची तार ओढून काढली, म्हणून गाडी, कडबा व तो स्वतः, तिन्ही वांचलीं. तारांचा हातभर जुडगा मात्र वितळून एकजीव झाला होता. तो नवा घातला. परंतु मूळ दोष होता तेथेंच राहिला.

हें कां झालें, तें सांगतों. गाडींत वीज दिव्याकडे नेण्यास तार असते, पण परत आणण्यास बहुधा निराळी तार नसते. बॅटरीचें ऋण टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्यास जोडलेलें असतें व प्रवाह त्या लोखंडांतूनच परततो. जाणाऱ्या तारेचें आवरण झिजून आंतील तांबें लोखंडास टेकलें, कीं प्रवाह दिव्यापर्यंत न जातां जवळच्या वाटेनें परत फिरतो. पाट मध्येंच फुटावा आणि टोकाचें शेत कोरडें राहून सारें पाणी ओढ्यांत जावें, तशांतलाच हा प्रकार. पांच-पांच वॅटचे पांच दिवे मिळून जेमतेम २ अँपिअर प्रवाह घेतात. तार टेकतांच तो आंकडा शंभराच्या घरांत जाऊं शकतो. शिवाय प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंतील उष्णता चौपट होते. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठीं नसून तारेच्या रक्षणासाठीं असतो, हें आमचे पुष्कळ बंधु विसरतात. तांबें वितळण्यास १,०८५ अंश उष्णता लागते. तारेवरील प्लॅस्टिक १५० अंशांच्या आंतच मऊ पडतें. म्हणजे फ्यूजच्या जागीं जाड तार घातली तर ती शाबूत राहते आणि गाडी जळते.

आतां शोधाची रीत. चालकास आम्हीं एक वही दिली व फ्यूज जळाला कीं तारीख, जागा, गाडींतील माल, पाऊस कीं ऊन, हें टिपण्यास सांगितलें. त्यास प्रथम हंसूं आलें. कारकुनाची खोड म्हणून त्यानें तें सोडून दिलें असावें. पण सहा नोंदी झाल्या आणि सहाही वेळां गाडी भरलेली होती! मिस्त्रीकडे ती नेहमीं रिकामी जात असे. मग त्यास दोष दिसावा कसा?

आम्हीं गाडी अंगणांत उभी करून तींत धान्याचीं पोतीं भरलीं. त्या फ्यूजवरील सर्व दिवे काढून ठेविले. नंतर फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांस २१ वॅटचा, १२ व्होल्टचा दिवा दोन तारांनीं जोडला व लहान दिव्यांचें बटण चालू केलें. (२४ व्होल्टच्या गाडीस २४ व्होल्टचाच दिवा घ्यावा.) दिवे काढलेले असल्यामुळें प्रवाहास वाट नसते व हा दिवा विझलेला राहतो. तार लोखंडास टेकली कीं तो लख्ख लागतो. परंतु त्यांतून पावणेदोन अँपिअरहून अधिक प्रवाह जात नसल्यामुळें तारेस इजा होत नाहीं. फ्यूज एकदांच सांगतो आणि मरतो. हा दिवा हवा तितका वेळ सांगत राहतो. दोन गड्यांनीं हौदा हलवितांच दिवा लागला!

पुढचें काम आमच्या सरावाचें होतें. हिशेबाची बेरीज जुळेना, तर आम्ही कचेरींत प्रत्येक पान चाळीत नसूं; मधल्या पानापर्यंतची बेरीज ताडून चूक अलीकडे कीं पलीकडे तें आधीं ठरवीत असूं. त्याप्रमाणें केबिनच्या मागील तारांची जोडणी सोडविली. दिवा विझला, अर्थात् दोष मागील अर्ध्यांत. जोडणी पुन्हां बसवून तो जुडगा वीतभर वीतभर हातानें हलवीत गेलों. हौद्याची लांकडी आडवी तुळई व सांगाडा यांच्यामध्यें तो चेपलेला आढळला. आदल्या वर्षीं फळ्या बदलण्यासाठीं हौदा उतरविला होता. बसवितांना जुडगा पकडींतून निसटून खालीं सांपडला असावा. माल भरला कीं तुळई दाबे व झिजलेलें तांबें सांगाड्यास टेके.

प्रत्येक गाडींत दोष येथेंच सांपडेल असें नाहीं. सांगाड्याच्या भोंकांतील रबरी कडें गळून पडलेलें असणें, मागून जोडलेल्या दिव्यांच्या पिळून ठेवलेल्या उघड्या जोडण्या, आणि धान्याच्या कोठाराशेजारीं गाडी ठेवणाऱ्यांकडे उंदीर, हीं ठिकाणें अवश्य पाहावीं. धुतल्यानंतरच फ्यूज जळत असेल तर मागील दिव्यांच्या घरांत पाणी शिरतें काय तें आधीं पाहावें.

दुरुस्तीपूर्वीं बॅटरीचें ऋण टोक प्रथम सोडवावें व शेवटीं जोडावें. अन्यथा धन टोकावरील पाना लोखंडास लागून ठिणगी उडते. झिजलेला तुकडा कापून त्याच जाडीची तार डाख देऊन जोडली, वर रबरी नळी चढविली व जुडगा सांगाड्याच्या आंतल्या बाजूस पकडींनीं बांधला. नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागवूं नये. उन्हाळ्यांत ती सुटते. नंतर पोतीं तशींच ठेवून परीक्षेचा दिवा पुन्हां लावला, हौदा हलविला, तो लागला नाहीं. तेव्हां १० अँपिअरचा फ्यूज बसविला. त्याच मापाचे चार जादा फ्यूज चालकाच्या पेटींत ठेविले आहेत आणि तांब्याची ती पिळलेली तार आम्हीं काढून घेतली आहे.